मावशी बसायची ते स्टूल

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे आणि माझ्यावर बसायला मनाई आहे. तशी पाटीच माझ्यापुढे लावली आहे. पाटीच्या पुढे जाड दोरी आहे, डोक्यावर दिवा आहे आणि पायांखाली पांढरा चौथरा आहे. तुम्ही शाळेकडून रांगेने येता, दोरीपाशी थांबता, तुमच्या बाई पाटी मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग तुम्ही शेजारच्या अंधाऱ्या खोलीत माहितीपट बघायला जाता. माझ्याकडे फारसे कोणी बघत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. स्टुलाकडे बघायचे नसते, स्टुलावर बसायचे असते. आता तुमच्या बाई दाराशी डोकी मोजत आहेत आणि दर वेळी एक कमी भरते आहे. तेवढ्या वेळात माझी हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म उरलेल्या लाकडातून झाला. एका घराने जेवणाचे टेबल आणि सहा खुर्च्या करायला दिल्या होत्या. सुतार कमी बोलणारा, पण हाताचा चांगला. काम संपले तेव्हा त्याच्यापाशी काही तुकडे उरले. ते जाळायचे त्याच्या जिवावर आले, म्हणून कोणी न सांगता त्याने मला बनवले आणि खुर्च्यांबरोबर टेम्पोत चढवले. घरच्या वहिनींनी विचारले, "हे काय आणलंत?" सुतार म्हणाला, "वरचं आहे, असू द्या. घरात स्टूल लागतंच." झाले, माझे बारसे तेवढ्यावर उरकले. खुर्च्या जेवणघरात गेल्या आणि मी भिंतीच्या पलीकडे, स्वयंपाकघरात. एकाच लाकडाची आम्ही, पण त्यांना पाठ होती, पॉलिश होते, दर रविवारी मऊ फडक्याने पुसणे होते. माझ्यावर कांद्याची टोपली असायची. खरे सांगते, पहिली काही वर्षे मला त्या खुर्च्यांचा फार राग येत असे.

त्यातून माझा एक पाय किंचित आखूड. सुताराला विचारले असते तर तो म्हणाला असता, तुमची फरशीच वाकडी आहे. मी डुगडुगायचे आणि ज्याला त्याला चीड आणायचे. शेवटी मावशीने एका पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सारली, कांद्याची टोपली खाली ठेवली आणि माझ्यावर बसून पाहिले. "आता कसं शहाण्यासारखं उभं राहिलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिचे झाले.

मावशी त्या घरात माझ्या आधीपासून होती. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा कामाला कोणीतरी हवे म्हणून ती आली आणि राहिली. वहिनी तिला मावशी म्हणत, म्हणून साहेब म्हणू लागले. साहेबांचे म्हातारे वडील तिच्या बापाच्या वयाचे, पण तेही तिला मावशीच म्हणत. मग चिऊ जन्मली, ती तर बोलायला शिकली तेव्हा 'आई'च्या आधी 'माची' म्हणाली. एकाच घरातल्या तीन पिढ्यांची मावशी होणे कोणत्याच नात्यात बसत नाही, पण तिथे ते कोणाला खटकले नाही.

आता तुम्हाला आमच्या जातीची एक गोष्ट सांगते. आम्हा स्टुलांना माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही, आम्हाला वजन कळते. घाईतले माणूस कडेवर टेकते, निवांत माणूस मागे सरकून बसते. मावशी नेहमी कडेवर टेकायची, एक पाय उठायच्या तयारीत. हाक आली की पुढच्या क्षणी माझ्यावर कोणी नसायचे. खुर्चीवर ती कधीच बसली नाही. तिला कोणी मना केले होते असे नाही. "बसा ना मावशी," असे वहिनी अनेकदा म्हणायच्या, पण ते म्हणताना त्यांचा हात कधी खुर्चीकडे जात नसे. माणसे वाईट नव्हती हो ती. आवाज चढवून बोलायची पद्धत त्या घरात नव्हती, मावशीला अहोजाहो होते, आजारपणात डॉक्टर होता. चिऊ तर मावशीच्या मांडीवर बसल्याशिवाय घास घेत नसे. म्हणजे मी त्या दोघींना पेलले आहे, आणि वरून सांडलेला दूधभातही खाल्ला आहे.

दिवसभरात मावशी माझ्यावर पूर्ण टेकून बसायची ती एकदाच, दुपारची भांडी आवरल्यावर, बहिणीला फोन करताना. तिची धाकटी बहीण गावाकडे एकटी राहत होती. आईवडिलांमागे दोघीच उरलेल्या. बहीण लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. घर लहानसे, पण त्याला अंगणाकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या होत्या, आणि एक तुझी, एक माझी अशी वाटणी दोघींनी लहानपणीच करून टाकली होती. मावशीचा फोन जुना, त्याचा आवाज एवढा मोठा की पलीकडचे बोलणे मला सगळे ऐकू यायचे.

"तुझ्या खिडकीची कडी गंजली गं," बहीण म्हणायची. "मी नाही हात लावणार. येऊन तेल घाल."

"येते," मावशी म्हणायची.

हे 'येते' मी किती वर्षे ऐकले ते मलाच माहीत. चिऊ लहान होती तेव्हा मावशीने पहिल्यांदा वहिनींपाशी विषय काढला होता. वहिनी म्हणाल्या, "जा की मावशी, तुम्हाला कोण अडवतंय? फक्त हिची शाळा सुरू होऊ दे." शाळा सुरू झाली. मग आजोबा अंथरुणाला खिळले, एवढं त्यांचं होऊ दे. आजोबा गेले. मग वहिनींच्या पाठीचे ऑपरेशन, एवढं होऊ दे. मग चिऊ शिकायला दूर गेली, घर खायला उठले, एवढं वर्ष जाऊ दे. एक 'एवढं' संपायच्या आत दुसरे 'एवढं' दारात उभे असायचे. यातले एकही कारण खोटे नव्हते, हीच तर पंचाईत होती.

तुम्ही म्हणाल, मग तिने सरळ उठून निघून जायचे. त्याचेही कारण आहे. मावशीच्या आधी त्या घरात एक स्वयंपाकी होता. तो एका सकाळी न सांगता निघून गेला. त्याच्या हाताला चव होती, तो चिऊच्या आजीच्या आजारपणात रात्ररात्र जागला होता, हे सगळे घर विसरले. त्याचे नाव निघाले की एकच शब्द यायचा, 'पळाला'. मावशीने तो शब्द इतकी वर्षे त्या घरात ऐकला होता. आपल्याला जाताना कोणीतरी 'जा' म्हणावे, एवढेच तिचे मागणे होते. बहीण फोनवर चिडायची, तेव्हा ती म्हणायची, "अगं, त्यांच्या तोंडून एकदा जा आलं की निघालेच. सांगून गेलेलं माणूस परत तोंड दाखवू शकतं."

मग बहिणीचे डोळे अधू झाले. शिलाईचे मशीन झाकून ठेवावे लागले. त्यानंतर दारच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला, मग अंगण ओलांडताना, मग बोलताना. "मला सुईत दोरा ओवता येत नाही आता," एका दुपारी ती म्हणाली. "तू ये. तू ओव, मी शिवते." त्या दिवशी मावशी फोन ठेवल्यावरही उठली नाही. वहिनींनी आतून दोनदा हाक मारली.

नेमकी त्याच सुमारास चिऊ शिक्षण संपवून घरी आली. ती सिनेमे बनवायला शिकली होती आणि तिला तिचा पहिला माहितीपट करायचा होता. विषय तिच्या डोक्यात पक्का होता, मावशी. चिऊबरोबर एक कॅमेरावाला आला आणि एक आवाजवाली आली, जी लांब काठीला केसाळ बोंडासारखा माईक लावून सगळीकडे फिरायची. साहेबांना कौतुक, वहिनींना कौतुक. मावशीला काय वाटले ते कोणी विचारले नाही, पण मी सांगते. पहिला दिवसभर तिला वाटत होते की हे लोक घर विकायला काढले म्हणून फोटो काढत आहेत.

पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला जेवणघरातल्या खुर्चीवर बसवले. मागे फुलदाणी, समोर दिवे. दाराच्या फटीतून मला थोडे दिसत होते. इतक्या वर्षांनी त्या खुर्चीला मावशीचे वजन मिळाले आणि तिला ते काडीचेही कळले नाही. मावशी ताठ बसली, हात मांडीवर, आणि शाळेतल्या तपासणीला उत्तरे द्यावीत तशी देत राहिली. हो. नाही. चांगलं आहे. सगळे चांगले आहेत. कॅमेरावाला कंटाळून गेला. आवाजवाली म्हणाली, "या घाबरल्यात. श्वाससुद्धा हळू घेतायत." मग चिऊ उठली, स्वयंपाकघरात आली, माझ्यावरची ताटली बाजूला केली आणि म्हणाली, "मावशी, तू इथेच बस. तुझ्या स्टुलावर. आणि वाटाणे सोल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. दिव्यांचा उजेड भिंत ओलांडून माझ्यापर्यंत आला. खुर्च्या तिकडे अंधारात राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना म्हटले, बसा आता पॉलिश चाटत.

मावशी माझ्यावर टेकली, वाटाण्याची पाटी मांडीवर घेतली आणि हात चालू झाले तशी जीभही चालू झाली. चिऊने मातीत लोळून केलेले हट्ट, आजोबांच्या कवळीची गंमत, वहिनी पहिल्यांदा भात करायला गेल्या आणि पातेलेच जळाले तो प्रसंग, सगळे आले. कॅमेरावाला हसून कॅमेरा हलवत होता आणि चिऊ त्याला डोळे वटारत होती. मग चिऊने विचारले, "मावशी, इतकी वर्षं तू सगळ्यांचं केलंस. तुला काय हवंय गं?"

मावशीचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली.

"हे कोण कोण बघणार?" तिने विचारले.

"सगळेच. आई, बाबा, आत्या. बाहेरचेही लोक."

"वहिनी पूर्ण बघतील? मध्येच उठून नाही ना जाणार?"

"नाही गं. शेवटपर्यंत बसतील."

"मग सांगते."

आणि मग ती मागे सरकली. कडेवरून उठून पूर्ण माझ्यावर बसली, दोन्ही पाय जमिनीवर सोडून, जशी फक्त फोनवर बोलताना बसायची. तिने चिऊकडे पाहिले नाही, त्या काळ्या भिंगाकडे पाहिले. "वहिनी, साहेब, मला घरी जायचंय," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला दिसत नाही, दम लागतो. तिच्याजवळ कोणी नाही. तुमचं सगळं होत आलंय. आता मला जा म्हणा. तुम्ही जा म्हटल्याशिवाय माझा पाय निघत नाही."

कॅमेरावाल्याने बाहीने डोळे पुसले. चिऊने धावत येऊन मावशीला मिठी मारली, वाटाणे सगळीकडे सांडले. "मावशी, हे मी एकदम शेवटी ठेवणार," ती हुंदके देत म्हणाली. "फिल्म यावरच संपणार."

मित्रांनो, चिऊचे मन खोटे नव्हते. सिनेमावाल्यांच्या लेखी शेवट म्हणजे सगळ्यांत मानाची जागा, आणि ती तिने मावशीच्या शब्दांना दिली होती. पण मावशीने ते वेगळे घेतले. तिच्या आयुष्यात बाहेर पडताना माणसे शेवटी जे सांगतात ते करायचे असते. गॅस बंद करा, दार लावून घ्या, दूध तापवून ठेवा. जे शेवटी सांगितले तेच कामाचे, अशी तिची समजूत होती. दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला आनंदाने फोन केला.

"सांगितलं गं बाई एकदाचं. आता सगळे बसून बघतील आणि मग निघायचं."

"सिनेमात सांगितलंस?" बहीण खोकत म्हणाली. "तोंडाने नाही सांगता येत?"

"तोंडानेच सांगितलं. फक्त या वेळी मध्ये कोणी बोललं नाही."

त्यानंतर वाट बघणे सुरू झाले. चिऊ जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून फिल्म जोडत बसायची आणि भिंतीपलीकडून मावशीचाच आवाज मावशीला ऐकू यायचा. मला घरी जायचंय. थोडे मागे. मला घरी जायचंय. पुन्हा मागे. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मावशी ओल्या हातांनी दारात जाऊन उभी राहिली. तिला वाटले, आता चिऊ काही बोलेल. चिऊने वर पाहिले. "त्या वाक्यानंतरची शांतता जरा वाढवतेय, मावशी. आता जास्त भिडतं ना?" मावशी म्हणाली, "छान आहे." आणि परत येऊन भांडी घासू लागली. सारखी साखर खाल्ली की जिभेला गोड कळेनासे होते, तसे चिऊचे त्या वाक्याचे झाले असावे. आधी ते तिला रडवत होते, मग ते तिच्या कामाचा एक तुकडा झाले. मी मात्र ते दिवसभर ऐकत होते आणि मला एकदाही त्याची सवय झाली नाही.

"झाली का गं तुझी फिल्म?" मावशी दर दोन-चार दिवसांनी विचारायची.

"मावशीला हिरॉईन व्हायची घाई झालीय बघ," साहेब हसून म्हणायचे. सगळे हसायचे. मावशीही हसायची. तिकडे गावाकडे बहीण अंथरुणावरून उठेनाशी झाली होती आणि शेजारीण तिला दोन वेळचे जेवण देऊन जात होती.

शेवटी फिल्म झाली. एका संध्याकाळी घरातच ती दाखवायचे ठरले. आत्या आल्या, साहेबांचे मित्र आले, कॅमेरावाला आणि आवाजवाली आली. मलाही बाहेरच्या खोलीत नेले. "हेच ते स्टूल," असे म्हणून आत्यांनी मला हात लावून पाहिले, आणि मग माझ्यावर प्रोजेक्टर ठेवला. म्हणजे ती सगळी फिल्म माझ्या डोक्यावरून गेली म्हणा ना. मावशीला मधल्या खुर्चीवर बसवले होते. ती भिंतीवरच्या स्वतःकडे बघत नव्हती. ती वहिनींकडे बघत होती, मध्येच उठून तर जात नाहीत ना म्हणून.

वहिनी उठल्या नाहीत. शेवटपर्यंत बसल्या. भिंतीवरची मावशी म्हणाली, "तुम्ही जा म्हटल्याशिवाय माझा पाय निघत नाही." मग काळोख झाला, आणि मग टाळ्या. साहेब म्हणाले, "शेवट फारच उत्तम झालाय." आत्या रुमाल शोधत होत्या. वहिनींनी तर मावशीचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "किती मनातलं बोललात हो मावशी," त्या म्हणाल्या. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पुढच्या शब्दासाठी. तो एक शब्द आला असता तर ही हकीकत मी तुम्हाला हसत सांगितली असती. पण वहिनी म्हणाल्या, "आज तुम्ही अजिबात उठायचं नाही. चहा मी करते." आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मावशी, साखर कुठे आहे हो?" मावशी उठली.

तरी तिने आशा सोडली नाही. तिला वाटले, पाहुण्यांसमोर कसे बोलणार, उद्या म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून, चांगले कपडे घालून, बॅग भरून माझ्यावर येऊन बसली. बॅग मांडीवर. वहिनी दुधाचे पातेले घ्यायला आल्या आणि थबकल्या.

"बॅग कशाला, मावशी? आजही शूटिंग आहे का?"

"घरी जायचंय ना वहिनी. काल बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं की. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या." वहिनी खाली वाकल्या, त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "जाणारच आहात तुम्ही. तुम्हाला कोण अडवतंय? पण एवढा चिऊच्या फिल्मचा महोत्सव होऊ दे. लोक तुम्हाला भेटायला येणार, आणि तुम्हीच नसलात तर त्या पोरीचं कसं होईल?"

मावशी बॅगेचा पट्टा चाचपत बसली होती. मग ती उठली आणि तिने दूध तापवायला ठेवले. बॅग कपाटाखाली गेली.

महोत्सव मोठ्या सभागृहात होता. मला टेम्पोत घालून नेले, आणि मंचावर ठेवून मावशीला माझ्यावर बसवले. मी पुन्हा उजेडात होते, पण मला आता त्यात गोडी वाटत नव्हती, कारण मावशी पुन्हा कडेवर टेकली होती, एक पाय उठायच्या तयारीत. फिल्म संपली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेतून एका बाईने विचारले, "मग या घरी गेल्या का?"

चिऊ गोंधळली. तिने माईक मावशीपुढे धरला. मावशी साधेपणाने म्हणाली, "एवढं झालं की जाणार आहे."

सगळे सभागृह प्रेमाने हसले. काय हजरजबाबी आहेत, असे कोणीतरी म्हणाले. पहिल्या रांगेत वहिनीही हसल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मला वाटले, आपला आखूड पाय आत्ता मोडावा आणि हे सगळे एकदा तरी थांबावे. पण सुताराने मला पक्के बनवले होते.

फिल्मला आणखी दोन गावांहून बोलावणे आले. त्या आधी एका दुपारी शेजारणीचा फोन आला. मावशी उभ्यानेच बोलत होती. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले. मग ती माझ्यावर बसली. मित्रांनो, मी पोती पेलली आहेत, चिऊला आणि तिला एकत्र पेलले आहे, पण तेवढे वजन मी त्याआधी कधीच पेलले नव्हते.

त्यानंतर घरात धावपळ उडाली. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, तसे झाले. साहेबांनी गाडी काढली, वहिनींनी डबा भरला आणि स्वतःची शाल दिली. "जा मावशी, लगेच निघा. इथलं आम्ही बघतो. जा." चिऊ म्हणाली, जा. दाराशी आलेल्या आत्याही म्हणाल्या, जा. जो शब्द ती इतकी वर्षे मागत होती, तो त्या दिवशी तिला घरभर मिळाला.

ती गेली आणि काही दिवसांनी आपणहून परत आली. वहिनी म्हणाल्या, "राहायचं होतंत अजून." मावशी म्हणाली, "कोणाजवळ?" तिने हात धुतले, पातेले घेतले. चिऊ येऊन खाली जमिनीवर बसली.

"खिडकीच्या कडीला तेल घातलं," मावशी म्हणाली. "उघडते आता."

चिऊला ती कडी माहीत नव्हती. ती रडू लागली. "मावशी, तू मला सांगायचंस ना गं."

"सांगितलं होतं की."

चिऊने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मी तो शेवट काढून टाकते. फिल्मच बंद करते."

"कशाला? राहू दे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला वाटते त्यामुळेच चिऊला ते अधिक लागले. "इतक्या वर्षांत माझ्यासाठी तेवढंच तर मी बोलले."

त्यानंतर या संग्रहालयाने फिल्मबरोबर मलाही मागितले. चिऊ नको म्हणत होती. मावशी म्हणाली, "नेऊ देत. मला आता त्याच्यावर टेकवत नाही. बसलं की हात फोनकडे जातो." मला फार वाईट वाटले. मी काही वाईट केले नव्हते, पण दुःख ज्या जागेवर बसून झाले ती जागाही माणसाला नकोशी होते, हे मला तेव्हा कळले. इथे आणल्यावर माझे बाकीचे पाय थोडे कापून सगळे सारखे केले, मावशीची पुठ्ठ्याची घडी फेकून दिली आणि मला पॉलिश केले. आता मी अजिबात डुगडुगत नाही. कधीकाळी मला हेच हवे होते.

चिऊ अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येते, तेव्हा तिच्या बोलण्यातून तिकडचे कळते. मावशी तिथेच आहे. भाजी निवडायला खाली जमिनीवर बसते आणि उठताना ओट्याला धरते. वहिनींनी तिच्यासाठी गादीची नवी खुर्ची आणून दिली आहे. तिच्यावर कांद्याची टोपली असते.

शेजारच्या खोलीत रोज फिल्म लागते आणि रोज भिंतीपलीकडून तो आवाज माझ्यापर्यंत येतो. मला घरी जायचंय. मग नाके ओढल्याचे आवाज, मग टाळ्या, मग दार उघडते आणि माणसे कॅन्टीन कुठे आहे ते विचारतात. परवा मात्र वेगळे झाले. तुमच्यासारखीच एक शाळा आली होती. ते वाक्य झाले, चिऊने वाढवलेली ती शांतता सुरू झाली, आणि अंधारातून एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "मग जा ना. जा तू." तिच्या बाई म्हणाल्या, "शू, फिल्म चालू आहे." आणि ती गप्प बसली.

तुमच्या बाईंची मोजणी जुळली वाटते, रांग हलते आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगून मी निरोप घ्यावा अशी रीत आहे. मला जपायला इथे माणसे आहेत, माझी काळजी करू नका. मागणे एकच आहे. आत ते वाक्य ऐकू आले की टाळ्या वाजवू नका, तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हणा, जा. बाई रागावल्या तरी म्हणा. इथे त्याला फार उशीर झाला आहे, मला ठाऊक आहे. तरी म्हणा. घरी गेल्यावर वेळेवर म्हणायची सवय होईल.